दुसऱ्या टेबलाचे लॉक

डाव्या डोळ्याने मला अक्षर दिसेनासे झाले होते. उजव्याने सकाळी आठ ते अकरा दिसे, पूर्वेच्या खिडकीतून सरळ उजेड येई तेवढा वेळ. नंतर ओळीच्या कडा राहत आणि मधला भाग पुसला जाई. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितले की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. किती अवधी आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, चालताफिरता येईल, माणसे आकाराने ओळखू येतील. मी वाचनाचे विचारले होते, हे मी त्यांना दुसऱ्यांदा सांगितले. तेव्हा ते म्हणाले, वाचायचे काही राहिले असेल तर या वर्षात उरका.

वाचायचे एकच राहिले होते. माझ्या पत्नीने तीस वर्षे सातारा आणि सांगलीकडच्या खेड्यांतले बोलीचे शब्द गोळा केले. ती शाळेत मराठी शिकवीत असे. रविवारी आणि सुट्टीत वही घेऊन एसटीने गावे गाठी. शब्द, अर्थ, एक वाक्य, कोणाकडून ऐकला, गाव कोणते, वय किती, अशी तिची नोंद असे. संग्रह छापण्याजोगा झाला तेव्हा शेवटची तपासणी तेवढी उरली होती. ती व्हायच्या आतच पत्नी गेली. तिच्या खुणा आणि संक्षेप माझ्याखेरीज कोणाला लागत नाहीत. म्हणून तपासणी माझ्याकडे आली.

तपासणी मी लिहिलेला एक प्रोग्रॅम करतो. तो सगळा संग्रह अक्षर-अक्षर वाचतो. एका शब्दापाशी ‘अमुक शब्द पाहा’ असे लिहिले आहे आणि तो अमुक शब्द कुठेच नाही, एकाच गावाचे नाव दोन तऱ्हांनी पडले आहे, अशा शंका तो काढतो आणि त्यांची यादी देतो. यादी मी वाचायची आणि दुरुस्त करायची. दुरुस्ती केली की पुढच्या शंका बदलतात, म्हणून प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून चालवायचा. एका खेपेला त्याला जवळजवळ तीन तास लागत. माझ्या डोळ्यालाही दिवसाचे तीनच तास होते. रात्री चालवून ठेवला तरी सकाळी एक यादी हाती येई. ती दुरुस्त होईपर्यंत साडेआठ वाजत आणि दुसरी निघेपर्यंत उजेड गेलेला असे. दिवसाला एक यादी. मी हिशेब केला. या गतीने दोन वर्षांहून अधिक लागणार होते. डॉक्टरांनी तेवढी मुदत दिली नव्हती.

हा प्रोग्रॅम इतका संथ का होता, आणि मी तो संथ का राहू दिला, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मी फलटणच्या पलीकडच्या एका गावातला, शेतकऱ्याच्या घरातला. फौजेत सिग्नलमध्ये होतो. तेथून सुटल्यावर एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात लागलो आणि तेथूनच निवृत्त झालो. फौजेत गेलो तेव्हा माझ्या तोंडी ‘आमी’, ‘तुमी’, ‘कवा’, ‘तवा’ होते. बराकीत पुण्याची पोरे नक्कल करीत. दुसऱ्या वर्षी ते शब्द गेले. आपोआप गेले नाहीत, मी घालवले. पत्नी वाईची. तिची भाषा जन्मतः शुद्ध होती, म्हणून तिला अशुद्धाचे कौतुक होते. मी माझी घासून शुद्ध केली होती. मला ते कौतुक परवडत नव्हते.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहिलो. तिच्या वह्यांच्या दोन ट्रंका झाल्या होत्या. त्या मी कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरवले. मशीन एकच घेतले, टेबले दोन मांडली. माझे वरच्या खोलीत. तिचे खाली, स्वयंपाकघराला लागून, कारण तिला कुकर नजरेसमोर हवा होता. जिन्याच्या भिंतीतून वायर नेली. प्रोग्रॅम एकच, पण त्यात दोन थ्रेड चालत. थ्रेड म्हणजे कामाचा एक स्वतंत्र ओघ. एक ओघ माझ्या टेबलाचे काम पाही, दुसरा तिच्या. संग्रह मात्र दोघांचा एकच.

पहिल्याच आठवड्यात दोघांनी एकाच वेळी एकच नोंद उघडली. तिची अक्षरे आणि माझी अक्षरे एकमेकांत शिरली. वाचता येईना. तिला हसू आले. मला आले नाही. वायरलेसच्या सेटवर एक बोलत असता दुसऱ्याने बोलायचे नाही, हे मी अठराव्या वर्षी शिकलो होतो. मी लॉक घातली. एखादी नोंद एका टेबलावर उघडी असेल तर ती दुसऱ्या टेबलाला मिळणार नाही. शिवाय आत, प्रोग्रॅमच्या पोटात, संग्रहातले कोणतेही अक्षर घेण्याआधी थ्रेडने लॉक घ्यायचे, अक्षर घ्यायचे, लॉक परत करायचे. अविश्वास मी अगदी अक्षरापर्यंत नेला. वाट पाहणाऱ्याच्या पडद्यावर एक ओळ येई: ‘दुसऱ्या टेबलावर काम चालू आहे. थांबा.’

ती ओळ बहुतेक वेळा खालच्या पडद्यावर येई. मी नोंद उघडून विचार करीत बसे आणि खालून आवाज येई.

“अहो, सोडा की ती नोंद. माझ्या चार शिट्ट्या झाल्या, तुमचं अजून तेच चाललंय.”

“सोडली आहे.”

“कुठे सोडली? इथे थांबाच म्हणतंय.”

“मग थांब.”

“थांबतेय. लग्न झाल्यापासून तेच करतेय.”

तेव्हा मी नोंद सोडीत असे.

ती गेली त्याला तीन वर्षे झाली. दिवस झाल्यावर मी खालचा पडदा बंद केला आणि कळफलकावर तिच्या जुन्या साडीचा तुकडा टाकला. प्रोग्रॅमला हात लावला नाही. त्यामुळे रोज सकाळी तो सुरू झाला की नियमाप्रमाणे दोन थ्रेड सोडी. एक माझा. दुसरा तिचा. तिचा थ्रेड लॉक घेई, आपल्या टेबलाकडे पाही, पडदा बंद आहे असे त्याला कळे, लॉक परत करून तो संपे. हे सारे डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात. पण तेवढ्या वेळात माझ्या पडद्यावर ती ओळ उमटून जाई. दुसऱ्या टेबलावर काम चालू आहे. थांबा.

तीन वर्षे रोज सकाळी ती ओळ मी पाहिली. तिची वाट पाहत होतो असे मी म्हणणार नाही. प्रोग्रॅम सुरू करण्याआधी मी चष्मा पुसून घेत असे, एवढे खरे.

डॉक्टरांकडून आल्यावर मी वेळ कोठे जातो ते मोजले, असे मी लोकांना सांगितले आहे. ते खरे नाही. मी ते वर्षभर आधी मोजले होते. वाचनात थोडा वेळ जात होता, शब्द ताडण्यात त्याहून थोडा. उरलेला सारा वेळ लॉक घेण्यात आणि परत करण्यात जात होता. एका खेपेत लाखो वेळा. समोर कोणी नसताना.

यातली एक गोष्ट मला ठाऊक होती आणि तरीही मोजताना अंगावर आली. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा तो एकटा असतो, आणि ते त्याला माहीत असते. तोवर फाइल वाचण्यासारखी साधी कामे तो लॉकशिवाय उरकतो. अडवायला कोणी नाही तर कुलूप कशाला, असा सरळ व्यवहार. दुसरा थ्रेड जन्माला आला की आत एक खूण बदलते. आता आपण एकटे नाही. तेव्हापासून प्रत्येक लहान काम लॉक घेऊन. दुसरा थ्रेड पुढच्याच क्षणी संपला तरी माझ्या मशीनवर ती खूण मागे फिरत नसे. एकदा कोणी येऊन गेले की तो प्रोग्रॅम बंद होईपर्यंत स्वतःला एकटा समजत नाही. माझ्या हाताने घातलेली लॉक वेगळी, आणि ही वेगळी. दोन्ही मिळून तीन तास होत.

उपाय सोपा होता. तिचा थ्रेड जन्माला घालणारी एक ओळ काढायची, आणि माझी लॉक ‘एकच थ्रेड आहे का’ या प्रश्नामागे ठेवायची. दहा मिनिटांचे काम. वर्षभर मी ते केले नाही. कारण विचारले असते तर मी सांगितले असते की चालते त्याला हात लावू नये.

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एक बाई आहेत. शाळेत त्या माझ्या पत्नीच्या विद्यार्थिनी होत्या. संग्रह ठेवून घ्यायला आणि छापायला ते कॉलेज तयार होते. पण तपासणी पुरी झाल्यावरच. त्या एका रविवारी सकाळी लवकर, किती झाले ते पाहायला आल्या. मी डोळ्याचे सांगितले. त्यांनी प्रोग्रॅम दाखवा म्हटले. मला आवडले नाही, पण दाखवला. त्या बराच वेळ वाचत होत्या.

“काका, हा दुसरा थ्रेड कोणासाठी?”

“खालच्या टेबलासाठी.”

“खाली कोणी बसतं?”

“नाही.”

त्यांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. “मग ही ओळ काढली तर…”

“मला माहीत आहे.”

“माहीत आहे? आणि रोज तीन तास असे बसून राहता?”

“बसतो.”

“बाईंनी माझ्या निबंधातली अर्धी वाक्यं लाल शाईनं काढली होती. ज्याला काम नाही ते वाक्य ठेवू नकोस म्हणाल्या. मी रडले होते त्या दिवशी. त्यांनी ही ओळ ठेवली असती?”

“तिने माझ्या प्रोग्रॅमला कधी हात लावला नाही.”

“मग त्यांच्या नावावर का खपवताय?”

कोणी मला असे बोलून बरीच वर्षे झाली होती. मी म्हणालो, “थ्रेड काढण्याआधी तो कशाकशाला हात लावतो ते पाहावे लागते. हे तरी शिकवता ना हल्ली?”

“शिकवतो, काका. पाहत कोणी नाही.” त्या हसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “तुम्ही पाहा. पण लवकर पाहा.”

त्या गेल्यावर मी खाली उतरलो. कळफलकावरचा साडीचा तुकडा काढला, झटकला, घडी केली. पडदा सुरू केला. तो सुरू होणार नाही असे मला वाटत होते. झाला. प्रोग्रॅम नव्याने चालू केला, आणि या वेळी तिचा थ्रेड संपला नाही. त्याला आपले टेबल सापडले होते.

तिच्या खुर्चीवर मी कधी बसलो नव्हतो. ती ठेंगणी आहे. तेथून कुकर ठेवायची जागा, मागचे दार आणि जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या दिसतात. वरून कोणी उतरले तर आधी पाय दिसतात.

तिच्या पडद्यावर तिची कामे ओळीने होती. सगळ्यांत खाली एक कप्पा होता: ‘विचारायचे’. तो मीच करून दिला होता. अर्धवट शब्द बाजूला ठेवायला जागा हवी, असे तिने म्हटले होते. तो कप्पा फक्त तिच्या थ्रेडला उघडता येई. वरच्या टेबलाला त्यातले काही दिसत नसे, आणि तपासणीतही ते येत नसे. त्यात दोनतीन नोंदी असतील असा माझा समज होता. एकेचाळीस होत्या.

पहिली नोंद ‘बुचाड’. कडब्याच्या पेंढ्यांचे. तिने लिहिले होते: ‘गंजीहून लहान का? किती पेंढ्यांचे? विचारायचे.’ कोणाकडून या रकान्यात तिच्या इतर नोंदींत गाव आणि वय असे. येथे लिहिले होते: ‘ह्यांच्याकडून. वर्तमानपत्र वाचताना.’

मी पुढची उघडली. ‘दारं धरणे’. उसाला पाणी देताना. ‘पाणी सोडतात तर धरतात काय? विचारायचे. ह्यांच्याकडून. झोपेत.’

पुढची. ‘ह्यांच्याकडून. नळ दुरुस्त करताना, रागाने.’

पुढची. ‘ह्यांच्याकडून. आईंचे पत्र आले तेव्हा. वाचून झाल्यावर पुटपुटले.’

एकेचाळीसही माझ्या तोंडचे होते. घासून घालवले असे मी समजत होतो ते शब्द. झोपेत, रागात, तापात ते बाहेर पडत होते आणि खाली कोणीतरी ते टिपून घेत होते. प्रत्येकाखाली एक प्रश्न. एकही प्रश्न तिने मला विचारला नव्हता.

का विचारला नाही, ते मला आठवत होते. संग्रहाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत, जेवताना माझ्या तोंडून एक शब्द निसटला. कोणता ते आता आठवत नाही. तिने ताट बाजूला सारून वही ओढली. मी म्हणालो, “मी काय तुझ्या खेड्यातली म्हातारी आहे? माझ्यासमोर वही काढायची नाही.” तिने पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली. भात वाढला. त्यानंतर तिने माझ्यासमोर वही काढली नाही. तो विषय तेथे संपला असे मी धरून चाललो होतो.

मी वर गेलो आणि ती एक ओळ काढली. आधी न काढण्याचे कारण आता उरले नव्हते. तिचा थ्रेड कशाला हात लावतो ते कळले होते. लॉकसमोर प्रश्न घातला. थ्रेड एकच असेल तर लॉक नको. प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर कोणतीही ओळ उमटली नाही. तो थेट कामाला लागला. वीस मिनिटांत यादी आली. मी निकाल दोनदा ताडून पाहिला. अक्षराचाही फरक नव्हता.

त्या दिवसापासून सकाळी चार याद्या होऊ लागल्या. घर पूर्वीही शांत होते. पण त्या आठवड्यात मी प्रोग्रॅम सुरू करून पडद्याकडे पाहत राहिलो आणि काही उमटले नाही, असे अनेकदा झाले. दोन वेळा मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. कशासाठी ते लिहिण्यासारखे नाही. सातव्या महिन्यात मुख्य संग्रह संपत आला. उजवा डोळा आता साडेदहालाच थकत होता.

तेव्हा मी एकेचाळीस प्रश्नांकडे वळलो. ओळ काढण्याआधीच ते वहीत उतरवून घेतले होते. उत्तरे मला येत होती. बुचाड गंजीहून लहान असते. शेतातच उभे लावतात. दारं धरतात म्हणजे एका वाफ्याचे तोंड मातीने बांधून पाणी पुढच्यात वळवतात. पाणी आपले आपण जाते, माणसाने धरायचे असते ते दार. एवढे सांगायला मला अर्धे मिनिट लागले असते. दिवसाला पाच-सहा याप्रमाणे चाळीस झाली. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली.

एक अडला. ‘वारंगुळा’. ज्याच्याकडे एकच बैल आहे असे दोन शेतकरी आपले बैल एकत्र जुंपतात आणि जोडी आळीपाळीने दोघांच्या रानात चालवतात, तो व्यवहार. तिने अर्थ बरोबर लिहिला होता. ‘ह्यांच्याकडून. दोन टेबलांचे काम मला समजावताना.’ मी असे समजावल्याचे मला आठवत नाही. खाली प्रश्न होता: ‘एकाचा बैल मेला तर मागे राहिलेल्या बैलाला काय म्हणतात? विचारायचे.’

मला माहीत नव्हते. लहान वयात घर सोडलेल्या माणसाला जेवढे माहीत असते तेवढेच मला होते. मी फलटणची एसटी धरली आणि तेथून गावी गेलो. थोरल्या चुलत भावाची पत्नी अद्याप आहे. भाऊ गेला. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. ओसरीवर सुपात बाजरी घेऊन बसली होती. आकारावरून मी तिला ओळखले.

“आवं भावजी! वाट चुकला काय?”

“नाही, वहिनी. काम होते.”

“कामाबिगर तुमी कवा आलासा म्हना! बसा. च्या टाकाय सांगतो. साकर चालती न्हवं, का शेरातल्यावानी बिनसाकरंचा?”

“चालते. वहिनी, वारंगुळा आठवतो का?”

तिने सूप खाली ठेवले. “वारंगुळा? त्यो कुठला आता? ट्रॅक्टर आल्यात दारोदार. शेती करताय व्हय या वयात?”

“एकाचा बैल मेला, तर दुसऱ्याच्या बैलाला काय म्हणत?”

“काय म्हनायचं? बैलच म्हनायचं की. मेलेल्याला नाव न्हाई, जित्याला कशाला ठिवायचं?” ती हसली. मग तिला काहीतरी आठवले. “आमच्या मामंजींचा असा ऱ्हायला हुता एक. जोडीत ह्यो उजवीकडं चालायचा. जोडीदार गेला. मग ह्याला एकल्याला कोळप्याला धरला. तर मेला सरळ चालंना. उजवीकडं सरकून चालायचा. डावीकडची जागा मोकळी ठिवायचा. मामंजींनी लय मारला.”

“मग?”

“मग काय! मारून मारून मामंजीच दमलं. तसाच चालू दिला. पिकाची एक वळ वाया जायाची दर खेपंला. जाऊ दे म्हनलं.”

मी ते वहीत लिहिले. ती पाहत होती.

“भावजी, ह्ये तिचं काम न्हवं? वया भरायचं? ती यायची की हितं. लय गोड बोलायची. माझ्याकडनं चार वया भरून नेल्या तिनं.”

हे मला ठाऊक नव्हते. “हा शब्द विचारला होता तिने?”

“इच्यारला हुता. मी म्हनलं, बाई, मानूस हाय की तुमच्या घरात ह्याच मातीतला, त्यास्नी इच्यारा.”

“मग ती काय म्हणाली?”

“काय न्हाई. हसली.” वहिनीने सूप पुन्हा मांडीवर घेतले. “च्या घ्या. निवतोय.”

चहा मी घेतला. परतीच्या एसटीत वही उघडली नाही.

आता एकेचाळीस नोंदी मुख्य संग्रहात घ्यायच्या होत्या. वरच्या टेबलावरून त्या घेणे शक्य होते. प्रोग्रॅम थोडा बदलला की कप्पा मलाही उघडता आला असता. पण नोंद ज्या थ्रेडने लिहिली त्या टेबलाचा शिक्का प्रोग्रॅम तिच्यावर आपोआप मारतो. पहिला शिक्का माझा, दुसरा तिचा. वरून घेतल्या असत्या तर संग्राहक मी ठरलो असतो. ते खोटे झाले असते. मी काढलेली ओळ परत लिहिली. तिच्या टेबलाचा थ्रेड सुरू केला. ती सकाळ मी वरच्या याद्यांना दिली नाही. खाली ठेंगण्या खुर्चीवर बसून एकेक नोंद उघडली, तिच्या प्रश्नाखाली उत्तर लिहिले, ‘विचारायचे’ हा शब्द पुसला आणि नोंद पुढे पाठवली. वारंगुळ्याखाली लिहिले: ‘मागे राहिलेल्यास वेगळे नाव नाही. बैलच म्हणतात.’ चालण्याचे जे वहिनीने सांगितले तेही लिहिले. सव्वाअकरा झाले. शेवटच्या तीन नोंदी मी अक्षरे न पाहता, बोटांच्या सवयीने लिहिल्या. नंतर ती ओळ काढून टाकली.

मुख्य संग्रहाची शेवटची यादी त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी निघाली. तीत एकही शंका नव्हती. रिकामे पान वाचायला डोळा लागत नाही, तरी मी ते बराच वेळ धरून होतो. त्या महिन्याअखेरीस उजव्या डोळ्यालाही मधली अक्षरे दिसेनाशी झाली.

छापखान्याची पाने आली तेव्हा कॉलेजातल्या बाई मला वाचून दाखवायला आल्या. चार दुपारी आम्ही बसलो. मी ऐकत होतो आणि कोठे चूक असेल तेथे हात वर करीत होतो. चौथ्या दिवशी त्या एका जागी थांबल्या.

“काका, इथे सगळ्यांपुढे गाव आणि वय आहे. या एकेचाळीस नोंदींत नुसतं ‘ह्यांच्याकडून’ आहे. वाचणाऱ्याला कसं कळणार?”

“बाकीचे तसेच राहू द्या.”

“बाकीचे म्हणजे झोपेत, रागाने वगैरे?”

“हो.”

“बाई पण काय एकेक लिहायच्या!” त्यांना हसू आवरले नाही. “आणि नाव घालायचं?”

“नाव नको. तिने घातले नाही.”

“मग काहीच नको?”

“गाव घाला,” मी म्हणालो.

त्यांनी पेन उघडल्याचा आवाज आला. कोणते गाव, असे त्यांनी विचारले. मी सांगितले.